एक शिधापत्रिका, दोन दुकाने : संगणकीय नोंदींची टक्कर आणि तिचा मागोवा

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता कडोदरा येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गास छेदतो. हाच रस्ता पुढे व्यारा, सोनगड, नवापूर या मार्गाने धुळ्यास पोहोचतो; आणि जवळच्या चलथाण स्थानकावरून तापी खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर व जळगावकडे जातो. या दोन वाटांनी खानदेशातील असंख्य माणसे सुरत जिल्ह्यात कामधंद्यासाठी आली. कडोदरा परिसरातील कापडाची रंगाई व छपाई करणाऱ्या गिरण्यांत काम करणारा मराठी कामगार पुष्कळदा एकटा किंवा भावासह राहतो; पत्नी, मुले आणि आईवडील गावीच असतात. कुटुंब एक, शिधापत्रिका एक, पण चुली दोन.

या दोन चुलींचा प्रश्न सोडविण्यासाठी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना आखण्यात आली. आंतरराज्य धान्यवाटपाचा आरंभ दिनांक ९ ऑगस्ट २०१९ रोजी झाला, तो राज्यांच्या दोन जोड्यांपासून. एक जोडी आंध्र प्रदेश व तेलंगणाची होती आणि दुसरी महाराष्ट्र व गुजरातची. जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर देशातील सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश या व्यवस्थेत आले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य देण्यात येत आहे. कामगाराने कडोदऱ्यातील दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवावा, आपल्या वाट्याचे धान्य घ्यावे आणि उरलेले धान्य कुटुंबाने गावच्या दुकानातून उचलावे, अशी ही सोय आहे.

सोय साधी दिसते. तिच्या पाठीमागे मात्र हिशेबाचा एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. तो ग्रामस्थ, पुरवठा खात्यातील कर्मचारी आणि शिक्षक या सर्वांना समजावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. शिधापत्रिकेचे उदाहरण घेतले आहे ते तत्त्व उकलून दाखविण्यासाठी. योजनेच्या संगणकाची अंतर्गत रचना वर्णन करण्यासाठी नव्हे.

कागदी पुस्तिका हेच कुलूप

शिधापत्रिका ही केवळ कागदी पुस्तिका होती त्या काळी दुकानदार तिच्यावर तारीख आणि दिलेले धान्य लिहीत असे. पुस्तिका एकच असल्यामुळे ती एका वेळी एकाच दुकानात असू शके. ती नंदुरबारच्या गावी फडताळात असेल तर कडोदऱ्यात धान्य मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. त्यामुळे कामगाराची अडचण होई हे खरे. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहता ती पुस्तिका म्हणजे एक उत्तम कुलूप होते. दोन दुकानदार एकाच क्षणी तिच्यावर लिहू शकत नव्हते. संगणकावर हिशेब नेल्याबरोबर हे कुलूप निघाले. आता तेच खाते एकाच मिनिटाला दोन राज्यांतून उघडता येते. कागद जी राखण न सांगता करीत होता, ती संगणकास मुद्दाम शिकवावी लागते.

पाच माणसांचे कुटुंब घेऊ. महिन्याचे धान्य २५ किलो. दोघे भाऊ कडोदऱ्यात आहेत. सकाळी दहाच्या सुमारास थोरला भाऊ तेथील दुकानात अंगठा ठेवतो आणि दोघांचे मिळून १० किलो मागतो. त्याच वेळी गावी त्याची पत्नी, भाऊ तिकडे धान्य घेत नाहीत या समजुतीने, पूर्ण २५ किलो मागते. कडोदऱ्याच्या यंत्राने विचारले, “या पत्रिकेवर या महिन्यात किती दिले?” उत्तर आले, “काही नाही.” गावच्या यंत्रानेही तोच प्रश्न विचारला व त्यालाही तेच उत्तर मिळाले. दोघांनी आपापली पावती नोंदविली. २५ किलोच्या हक्कावर ३५ किलो धान्य गेले. महिनाअखेर दहा किलोंची तूट कोणाच्या माथी मारावयाची, हा प्रश्न मग तहसील कार्यालयाकडे येतो; आणि अशा वेळी खुलासा बहुधा सर्वांत दुबळ्या माणसाकडे मागितला जातो, हा अनुभव नवा नाही.

येथे कोणीही लबाडी केलेली नाही. दोन्ही यंत्रांनी खरे तेच वाचले आणि योग्य तेच लिहिले. चूक झाली ती दोघांच्या वाचण्याच्या व लिहिण्याच्या वेळा एकमेकींत गुंतल्यामुळे. संगणकशास्त्रात अशा एकसंध कामास, म्हणजे वाचणे, तपासणे व लिहिणे मिळून होणाऱ्या एका घटकास, व्यवहार म्हणतात. कितीही व्यवहार एकाच वेळी चालोत, त्यांचा अंतिम परिणाम ते रांगेत उभे राहून एकामागून एक झाले असते तर जसा झाला असता तसाच असला पाहिजे, अशी अपेक्षा असते. रांगेत कोण पुढे हे महत्त्वाचे नाही. अशी एक तरी रांग मांडता आली पाहिजे. वरील उदाहरणात ती मांडता येत नाही. भाऊ आधी असता तर पत्नीस १५ किलो शिल्लक दिसले असते. पत्नी आधी असती तर भावास शून्य दिसले असते. (धान्य कोणी उचलावे हा घरातला निर्णय आहे, संगणक तो करीत नाही, करूही नये.)

या अपेक्षेस शास्त्रीय रूप देणारा एक महत्त्वाचा निबंध १९७६ साली अमेरिकेत एस्वरन, ग्रे, लॉरी व ट्रेगर या चौघांनी प्रसिद्ध केला. त्यातील उपाय कुलपाचा होता. व्यवहाराने जे वाचले किंवा लिहिले त्यावर काम संपेपर्यंत कुलूप ठेवावयाचे, म्हणजे दुसरा थांबेल. या निबंधाने आणखी एक सूक्ष्म गोष्ट दाखविली. कुलूप केवळ असलेल्या ओळींवर लावून भागत नाही. ‘या पत्रिकेच्या या महिन्याच्या सर्व पावत्या’ असे वाचले आणि त्या वेळी एकही पावती नसेल, तर कुलूप लावावयाचे कशावर? अद्याप न लिहिलेल्या ओळीचीही राखण करावी लागते.

कुलपाची पद्धत बिनचूक आहे, परंतु ती माणसांना तिष्ठत ठेवते. महिन्याचा अहवाल काढणारे एक काम सर्व पावत्या वाचू लागले की पावती लिहू पाहणारे प्रत्येक दुकान थांबणार. शिवाय दोन व्यवहार एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडून बसण्याचा धोका असतोच.

म्हणून पुढे क्षणचित्राची पद्धत रूढ झाली. व्यवहार सुरू होताच त्याला खातेवहीचे त्या क्षणाचे चित्र मिळते. इतरांनी नंतर काहीही लिहिले तरी त्याचे चित्र बदलत नाही, कारण जुन्या नोंदींच्या प्रती काही काळ जपून ठेवलेल्या असतात. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवीत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला अडवीत नाही. दोघांनी एकाच ओळीत बदल केला तर दुसऱ्यास नकार मिळतो. ही पद्धत इतकी सोयीची आहे की तिने सर्व भागते असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु आपल्या उदाहरणाकडे पुन्हा पाहावे. भावाची पावती ही एक ओळ, पत्नीची पावती ही दुसरी ओळ. दोघांनी एकाच ओळीस हात लावलेलाच नाही! क्षणचित्राची पद्धत दोन्ही पावत्या निमूटपणे स्वीकारील. १९९५ मधील एका प्रसिद्ध चिकित्सक निबंधाने हा दोष स्पष्टपणे मांडला.

तेव्हा केवळ कोणी काय लिहिले एवढे पाहून चालणार नाही, कोणी काय वाचले तेही लक्षात ठेवले पाहिजे. मात्र ते कुलपासारखे कोणास न अडविता. येथे मागोव्याची कल्पना येते.

खूण आणि बाण

मागोव्याच्या पद्धतीत व्यवहाराने वाचलेल्या भागावर एक खूण ठेवली जाते. तलाठ्याने दप्तर चाळताना पानात कागदाची चिठ्ठी ठेवावी तशी. चिठ्ठी कोणास लिहिण्यास मज्जाव करीत नाही. पण दुसरा तेथे लिहू लागला की ती सांगते, “अमक्याने हे तुझ्या लिहिण्यापूर्वीच्या स्थितीत वाचले आहे, म्हणजे रांगेत तो तुझ्या आधी.” वाचणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे असा एक बाण काढावयाचा. भावाने ‘काही नाही’ असे वाचले आणि पत्नीने तेथे लिहिले, म्हणून भावाकडून पत्नीकडे बाण. पत्नीनेही ‘काही नाही’ असे वाचले व भावाने लिहिले, म्हणून उलट बाण. दोघेही एकमेकांच्या आधी! वर्तुळ पूर्ण झाले, रांग अशक्य झाली. दोघांपैकी एकाचा व्यवहार रद्द करून तो नव्याने करावयास लावला की तो ताजे चित्र पाहील आणि खरी शिल्लक वाचील.

शिक्षकांना हा पाठ वर्गात सहज करून दाखविता येईल. फळ्यावर पावत्यांचा रिकामा तक्ता आखावा. दोन विद्यार्थ्यांनी तो आपापल्या वहीत उतरून घ्यावा, फळ्याकडे पाठ करून आपली पावती ठरवावी आणि मग दोघांनी ती फळ्यावर लिहावी. बेरीज चुकते. नंतर कोणी कोणती ओळ वाचली याची चिठ्ठी तिसऱ्याने फळ्यावर चिकटवावी व बाण काढावेत. इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांस वर्तुळ लगेच दिसते.

प्रत्यक्षात व्यवहार दोन नसतात, हजारो असतात. प्रत्येक वाचनाची खूण ठेवावयाची, प्रत्येक लेखनाच्या वेळी सर्व खुणा तपासावयाच्या, प्रत्येक बाणामागे वर्तुळ शोधावयाचे, असे केल्यास मागोवा घेण्यातच यंत्राची शक्ती खर्ची पडेल. या पद्धतीचा खरा इतिहास हा खर्च कमी करण्याचा इतिहास आहे. त्यातील पहिले मोठे पाऊल २००५ मध्ये पडले. क्षणचित्राच्या पद्धतीत जेव्हा जेव्हा असे घातक वर्तुळ तयार होते, तेव्हा त्यात एकामागोमाग एक असे दोन वाचन-लेखनाचे बाण असतातच, असे फेकेटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. मग संपूर्ण वर्तुळ शोधण्याचे कारणच उरत नाही. ज्याच्याकडे एक बाण येतो आणि ज्याच्यापासून एक बाण निघतो असा व्यवहार दिसला की सावध व्हावे. २००८ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या केहिल, रोम व फेकेटे यांनी या तत्त्वावर चालणारी रीत मांडली. वर्तुळ खरोखर पूर्ण झाले आहे की नाही हे पाहण्यापूर्वीच ती व्यवहार रद्द करते. त्यामुळे कधीकधी निर्दोष व्यवहारही रद्द होतो.

हीच रीत २०११ साली ‘पोस्टग्रेस’ या सर्वांसाठी खुल्या असलेल्या डेटाबेस प्रणालीच्या ९.१ या आवृत्तीत आली. ते काम डॅन पोर्ट्स व केव्हिन ग्रिटनर यांनी केले. यांपैकी ग्रिटनर हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालय व्यवस्थेत काम करीत होते, हे शासकीय वाचकांस विशेष वाटेल. नोंदींच्या अचूकतेची निकड जितकी बँकेस, तितकीच ती सरकारी दप्तरासही असते.

मागोव्याचा खर्च

येथून पुढचा भाग प्रत्यक्ष कारभाराशी निगडित असल्यामुळे थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे.

चिठ्ठी कशावर ठेवावी? एका ओळीवर ठेवली तर ती नेमकी असते, पण चिठ्ठ्यांची संख्या वाढते व त्या ठेवण्यास जागा लागते. जागा कमी पडू लागली की प्रणाली ओळींवरील चिठ्ठ्या काढून पूर्ण पानावर एकच चिठ्ठी ठेवते. त्याहीपुढे संपूर्ण वहीवर. पोस्टग्रेसमध्ये मूळ मांडणीनुसार एका पानावरील दोनांहून अधिक ओळींवर एकाच व्यवहाराची खूण झाली की ती पानाची खूण होते. जागा वाचते खरी, परंतु आता त्या पानावरील कोणत्याही पत्रिकेची पावती लिहिली तरी टक्कर झाल्याचे दिसते. नंदुरबारच्या एका कुटुंबाच्या नोंदीमुळे भुसावळच्या दुसऱ्याच कुटुंबाचा व्यवहार रद्द होतो. ही खोटी टक्कर होय.

याहून मोठी हानी सूचीच्या अभावी होते. पावत्यांच्या वहीस पत्रिका क्रमांक व महिना यांची सूची असेल, तर यंत्र थेट त्या पत्रिकेच्या जागी जाते आणि खूण तेवढ्यापुरती राहते. सूची नसेल तर एका पत्रिकेच्या शोधात संपूर्ण वही चाळली जाते, आणि जे चाळले ते सर्व वाचले असे धरून संपूर्ण वहीवर खूण बसते. मग राज्यातील कोणतेही दोन व्यवहार एकमेकांवर आदळू लागतात. अशा वेळी ‘यंत्रणा मंद आहे’, ‘सर्व्हर चालत नाही’ अशी तक्रार होते व अधिक शक्तीचे यंत्र खरेदी करण्याचा प्रस्ताव तयार होतो. प्रस्तावावर स्वाक्षरी करण्यापूर्वी सूची आहे काय, एवढे विचारण्यास खर्च येत नाही.

दुसरी बाब अहवालांची. केवळ वाचणारे काम कोणास अपाय करीत नाही, असे वाटते. पण ते पूर्णपणे खरे नाही. एका दुकानाची रोजकीर्द घ्या. एका संथ व्यवहाराने ‘चालू दिवस सोमवार’ असे वाचले आणि तो पावती तयार करू लागला. तेवढ्यात दुसऱ्याने सोमवार बंद करून मंगळवार सुरू केला. त्यानंतर निरीक्षकाच्या अहवालाने बंद झालेल्या सोमवारची बेरीज छापली. मग पहिल्याने आपली पावती सोमवारच्या खाती टाकली. छापील अहवाल आणि वही यांत कायमची तफावत राहिली, आणि तीन कामांपैकी कोणत्याही दोघांनी एकाच ओळीवर लिहिलेले नाही. म्हणून अहवालाचाही मागोवा ठेवावा लागतो. तथापि जे काम केवळ वाचणार आहे ते आरंभीच तसे घोषित केले, तर प्रणाली त्याला मोठी सवलत देते. संबंधित तिसरा व्यवहार अहवालाचे चित्र घेण्यापूर्वीच पूर्ण झाला असेल तरच धोका संभवतो; एरव्ही नाही. त्याहून सोपे म्हणजे अहवालाने क्षणभर थांबून निर्धोक चित्र मिळाल्यावरच काम सुरू करावे. मग त्याला एकही खूण ठेवावी लागत नाही व तो रद्दही होत नाही. महिनाअखेरचे मोठे तक्ते असेच काढले जावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. थोडा वेळ थांबल्याने अहवालाचे काही बिघडत नाही, दुकानातील रांगेचे मात्र पुष्कळ सुधारते.

तिसरी बाब व्यवहाराच्या लांबीची. व्यवहार संपला तरी त्याची खूण लगेच काढता येत नाही. त्याच्या वेळी चालू असलेले सर्व व्यवहार संपेपर्यंत ती जपावी लागते. म्हणजे एक रेंगाळलेला व्यवहार शेकडो संपलेल्यांच्या खुणा अडवून धरतो. अंगठा ओळखण्यास वेळ लागतो, खेड्यात दूरध्वनीची लहर जाते, दुकानदार मापाकडे वळतो. हे सर्व व्यवहार उघडा ठेवून होत असेल तर रचना सदोष आहे. ओळख आधी पटवावी, नंतर व्यवहार उघडून शिल्लक वाचावी, पावती नोंदवावी आणि बंद करावा. हे काम क्षणार्धाचे आहे. खुणा फारच साचल्या तर प्रणाली जुन्या व्यवहारांचा गोषवारा करून जागा मोकळी करते. परंतु गोषवाऱ्यात बारकावे हरपतात आणि खोट्या टकरी पुन्हा वाढतात.

खुणांच्या नोंदवहीचीही गर्दी होते, हे सांगितलेच पाहिजे. चिठ्ठी ठेवण्यास सर्वांनी एकाच टेबलापाशी यावयाचे तर तेथेच रांग लागेल. म्हणून पोस्टग्रेसमध्ये ही नोंदवही १६ भागांत विभागलेली आहे. सर्व काही विभागता येत नाही. चालू व्यवहारांची मुख्य यादी सामाईक राहते आणि फार वर्दळीत अडथळा बहुधा तेथेच येतो.

आता प्रश्न असा की, केवळ शिधापत्रिकेसाठी इतका खटाटोप हवा काय? प्रत्येक पत्रिकेची प्रत्येक महिन्याची शिल्लक दाखविणारी एकच ओळ ठेवावी आणि प्रत्येक पावतीबरोबर ती बदलावी, म्हणजे टक्कर आपोआप एकाच ओळीवर येईल व साधी क्षणचित्र-पद्धतही ती पकडील. हा मार्ग स्वस्त आहे आणि जेथे नियम एका ओळीत मावतो तेथे तोच योग्य. कागदी पुस्तिकेचे कुलूप यामुळे जवळजवळ परत मिळते. परंतु त्याच वेळी पत्रिकेतून एका सदस्याचे नाव कमी होत असेल, दुकानाचा साठा बदलत असेल, विवाहित मुलीचे नाव दुसऱ्या पत्रिकेत जात असेल, तर नियम अनेक वह्यांवर पसरतो. त्या सर्वांसाठी हाताने अशी ओळ नेमणे म्हणजे प्रत्येक कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर विसंबणे होय. तेथे मागोव्याचा खर्च पत्करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

रद्द झालेल्या व्यवहाराचे पुढे काय होते, यावर दुकानातील माणसाचा अनुभव अवलंबून असतो. पोस्टग्रेस अशा वेळी ‘४०००१’ हा संकेतांक देते. त्याचा अर्थ ‘पुन्हा करा’ एवढाच आहे. ‘धान्य नाही’ असा नव्हे. कार्यक्रमाने तो पाहून तोच व्यवहार आपणहून पुन्हा चालवावा, आणि दुकानदारास तो दिसूही नये. तसे केले नाही तर यंत्रावर इंग्रजीत चूक उमटते, दुकानदार “उद्या या” म्हणतो, आणि बारा तासांची पाळी सांभाळून आलेल्या कामगाराचा एक खाडा होतो. हिशेब बरोबर राहिला, माणूस मात्र रिकाम्या पिशवीने परत गेला.

पुन्हा चालविण्यासाठी एक अट आहे. पावती छापणे आणि धान्य मापणे व्यवहार पक्का झाल्यानंतरच व्हावे. भावाच्या १० किलोंची पावती आधी छापून हाती दिली आणि मग व्यवहार रद्द झाला, तर संगणकाच्या वहीत नसलेली पावती माणसाच्या खिशात राहते. वही पक्की झाली, शिल्लक १५ किलो दिसली, की मग यंत्रातून कागद निघावा आणि त्यावर शिल्लकही छापलेली असावी. गावी दूरध्वनी करून घरच्यांस आकडा सांगण्यास तो कागद उपयोगी पडतो.